विळा तांबडा होतो तो भाग

२०२२ च्या ऑगस्टमध्ये कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. बातमी देशभर गाजली, कौतुक झालं, थोडी टिंगलही झाली. सांगली जिल्ह्यातल्या पालकसभांना मात्र त्या भोंग्याने एक कायमचा विषय देऊन टाकला. गेल्या महिन्यात अशाच एका सभेत मी मागच्या बाकावर बसलो होतो. माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी देणगी जमवली होती आणि तिचं काय करायचं हा प्रश्न होता. एक गट म्हणत होता, भिंतीएवढा टीव्ही घ्या, त्यावर विज्ञान-गणिताचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ लावा, पोरांना चटकन कळतं. दुसरा गट म्हणत होता, त्या दोन-दोन मिनिटांनीच पोरांचं वाटोळं केलंय, आता शाळेतही तेच आणता का? दोन तास घमासान झालं. ‘जग कुठं चाललंय’ आणि ‘आमच्या वेळी’ या दोन वाक्यांपलीकडे सभा गेली नाही. व्हिडिओ संपल्यावर पुढच्या दहा मिनिटांत मूल काय करतं, हे दोन्हीकडच्या कुणीच विचारलं नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेलो मी, मलाही तो प्रश्न तिथे सुचला नाही. परतताना एसटीत सुचला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे व्हिडिओ छोटे आहेत म्हणून वाईट नाहीत आणि सोपे वाटतात म्हणून चांगलेही नाहीत. त्यांची खोट वेगळीच आहे. त्यांत कुणी चुकत नाही, आणि बघणारा चुकला तर ते त्यांना दिसत नाही. तेव्हा शाळेचा पैसा आणि गावाचा वेळ बघण्याच्या सोयीवर कमी आणि बघितलेलं हाताने करून, बिघडवून, पुन्हा करण्याच्या जागेवर जास्त खर्च व्हायला हवा. टीव्ही घ्यायचा की नाही हा त्यातला सर्वांत फुटकळ मुद्दा आहे.

लांबीचा वाद पहिल्यांदा निकालात काढू, कारण सगळ्यात जास्त आवाज तिथेच होतो. थोडक्यात सांगितलं की ज्ञान उथळ होतं, असं ओव्या आणि म्हणी ऐकत वाढलेल्या माणसाने म्हणावं याचं मला नवल वाटतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, एक गणित आहे. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि उरलेला एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासात अधांतरी घुटमळत राहिला. तर सांग, थव्यात भुंगे किती? एका श्लोकात मावणारं गणित, म्हणायला अर्धं मिनिट लागत नाही. पण ते ‘सांग’ म्हणून थांबतं, आणि पुढचा अर्धा तास ऐकणाऱ्याचा असतो. (उत्तर पंधरा. ते मी लगेच सांगून टाकलं, ही हल्लीच्या व्हिडिओंची खोड मलाही लागली असं समजा.) म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीही छोटा घास भरवत होते. फक्त चावायचं काम शिष्याकडे ठेवत होते.

छोट्या व्हिडिओंचे कैवारी एक आकडा नेहमी पुढे करतात. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांचे जे ऑनलाइन वर्ग चालतात, त्यांत व्हिडिओ बघितल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसं साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकून बघतात, असं त्यात दिसलं. आकडा खरा आहे. पण त्यात मोजलं गेलं ते बघणं. गिऱ्हाईक दुकानात किती वेळ उभं राहिलं यावरून त्याने माल नेला की नाही, हे कसं कळणार?

आता समोरच्या बाजूचं खरं बळ कुठे आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि ते बळ थोडंथोडकं नाही. जतच्या किंवा माणच्या एखाद्या वाडीवरची मुलगी डोळ्यांपुढे आणा. हायस्कूलला विज्ञानाचा शिक्षक आहे, पण गणितही त्याच्याकडे, स्काउटही त्याच्याकडे आणि निवडणुकीची ड्यूटीही त्याच्याकडेच. अशा मुलीला भिंगातून किरण कसे वाकतात हे हलत्या चित्रात बघायला मिळतं, ही साधी गोष्ट नाही. मी फळ्यावर काढलेलं बहिर्वक्र भिंग भज्यासारखं दिसायचं आणि त्यातून जाणारे किरण शेवयांसारखे. हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात, भूकंपाची लाट जमिनीतून कशी जाते, हे खडूने दाखवायला माणूस कलावंत हवा. मी नव्हतो. दुसरी गोष्ट याहून मोठी. व्हिडिओ दहाव्यांदा सांगतानाही चिडत नाही. मी चिडायचो. सातवीतल्या एका मुलाने उणे गुणिले उणे अधिक का, हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर त्याने मला काहीच विचारलं नाही, दहावीपर्यंत. त्याच्याकडे मोबाइल असता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

शिवाय काही ज्ञान असं असतं, की ते पोचलं म्हणजे पुरे. शिराळ्याकडच्या माणसाला एका मिनिटात कळायला हवं, की साप चावला तर जखम चिरायची नाही, चोखायची नाही, वर दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. हातपाय न हलवू देता सरळ दवाखाना गाठायचा. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे हगवण लागलेल्या लेकराच्या आईला ठाऊक असलं की झालं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भोंगा वाजला म्हणून असा व्हिडिओ बंद करणारा माणूस मला शहाणा वाटणार नाही. अर्थात, शाळेतलं बहुतेक विज्ञान, सगळं गणित आणि जवळजवळ सगळी कामं या जातीची नाहीत. तिथे काय होतं ते सांगतो.

आमची तासगावकडे भावाभावांत मिळून दोन एकर द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये झड लागली आणि पानांवर डावणी या बुरशीच्या रोगाचे तेलकट डाग दिसू लागले. पुतण्या बीएस्सी झालेला, हुशार, निम्मी बाग मोबाइलवर बघून सांभाळणारा. त्याने डावणीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचा व्हिडिओ तीनदा बघितला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. व्हिडिओत सांगितलेलं अक्षरन्‌अक्षर बरोबर होतं. याने दोनशे लिटरच्या बॅरलला दोन-दोन किलो घेतलं, मोरचूद वेगळा विरघळवला, चुना वेगळा, मग एकत्र केलं. आकाशी निळं झालं, थेट पडद्यावरच्यासारखं. फवारलं. चार दिवसांत कोवळी पानं कडेने करपली. चूक चुन्यात होती. व्हिडिओतला चुना ताजा, कळीचा. आमचा चुना गोठ्यात, फाटक्या पोत्यात, अर्धा पावसाळा हवा खाऊन विरलेला. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून अशा चुन्याचा बराच भाग खडूसारखा निकामी झालेला असतो. तराजूवर तो एक किलो भरतो, कामाला एक किलोचा राहत नाही. मग मोरचुदातलं तांबं मोकळं राहतं आणि पान जाळतं.

करपलेली बाग बघायला शेजारच्या रानातले तात्या आले. सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी एवढंच विचारलं, “आरं, इळा बुडवून बघितला हुतास का?” लोखंडी विळ्याचं पातं घासून त्या मिश्रणात थोडा वेळ धरायचं. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर तांबं अजून मोकळं आहे, चुन्याची निवळी वाढवायची आणि पुन्हा बघायचं. पातं होतं तसंच निघालं की फवारायचं. आता यातली मेख अशी, की हा रसायनशास्त्राच्या शालेय पुस्तकातलाच प्रयोग आहे. कॉपर सल्फेटच्या, म्हणजे मोरचुदाच्याच, द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की लोखंड तांब्याला हुसकावून त्याची जागा घेतं आणि खिळ्यावर तांबं बसतं. विस्थापन अभिक्रिया. पुतण्याने ती परीक्षेत समीकरणासकट लिहिली होती. तिचाही व्हिडिओ त्याच्या मोबाइलमध्ये होता, त्यानेच मला काढून दाखवला. दोन व्हिडिओ, दोन्ही अचूक, एकाच खिशात, आणि त्यांच्यामध्ये भिंत. एकात ‘कॉपर सल्फेट’ आणि परीक्षानळी, दुसऱ्यात ‘मोरचूद’ आणि बॅरल. ती भिंत पडायला तात्यांचा एक प्रश्न लागला, आणि तो प्रश्न यायला आधी पानं करपावी लागली. पोराला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. एकतीस वर्षं तो खिळा मी परीक्षानळीतच बुडवला. शाळेच्या कुंपणापलीकडे सगळ्या द्राक्षाच्या बागा, तरी एकदाही वर्गात विळा नेला नाही.

‘हा तुमच्या घरचा किस्सा झाला,’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. मग घराबाहेरचं सांगतो. शिकागो विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये याच गोष्टीवर काही प्रयोग प्रसिद्ध केले. मांडलेली भांडी न पाडता टेबलावरचं कापड झटक्यात ओढायचं, नेम धरून बाण फेकायचा, मागे सरकत नाचायचं, अशा करामतींचे छोटे व्हिडिओ त्यांनी लोकांना दाखवले, काहींना एकदा, काहींना वीस-वीस वेळा. जास्त वेळा बघणाऱ्यांचा ‘आपल्याला जमेल’ हा विश्वास वाढत गेला. प्रत्यक्ष करायला लावलं तेव्हा एकदा बघणारे आणि वीसदा बघणारे यांच्यात फरक निघाला नाही. यातलं मला सर्वांत आवडलेलं टोक वेगळं आहे. झेलाझेलीच्या खेळाचा व्हिडिओ बघितलेल्यांना त्यातल्या वस्तू नुसत्या हातात धरायला दिल्या, झेलायलाही सांगितलं नाही, तरी त्यांचा फाजील विश्वास खाली आला. वस्तूचं वजन तळहाताला कळलं, बस. व्हिडिओ मोरचुदाचं, चुन्याचं, पान्याचं, सुईचं वजन देत नाही.

डेरेक म्युलर हा माणूस आज विज्ञानाच्या व्हिडिओंसाठी जगभर ओळखला जातो. हा धंदा सुरू करण्याआधी, २००८ साली, त्याने सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. बल आणि गती यांवरचे दोन प्रकारचे व्हिडिओ त्याने विद्यार्थ्यांना दाखवले. एक सरळ, स्वच्छ, मुद्देसूद. मुलं म्हणाली, छान, सोपा, समजला. चाचणीत गुण मात्र जवळपास होते तिथेच. कारण मुलांनी त्यात आपल्याच चुकीच्या समजुती ऐकल्या आणि ‘हे तर आपल्याला येतंच’ म्हणून मान डोलावली. दुसऱ्या व्हिडिओत एक पात्र मुलांच्या मनातली चुकीची समजूत बोलून दाखवतं आणि मग ती उलगडत जाते. तो मुलांना गोंधळाचा वाटला, डोक्याला ताण देणारा वाटला. पण शिकली ती त्यातून. पालकसभेत ‘पोरांना चटकन कळतं’ म्हणणाऱ्या बाईंना मला हे सांगायचं होतं. चटकन कळलं असं वाटणं हीच कधीकधी न कळल्याची खूण असते.

आणि हे शिकायला आपल्याला सिडनीला तरी कशाला जायला हवं? साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांचं सादरीकरण करत आले आहेत. यज्ञकुंडात ‘तूप’ सोडायचं, मंत्र पुटपुटायचा, आणि काडी न लावता ज्वाला उठते. आधी लोकांना फसू देतात. हात जोडलेली एखादी आजी, डोळे विस्फारलेली पोरं. मग सांगतात, तूप म्हणजे ग्लिसरीन आणि खाली पोटॅशियम परमँगनेट. दोन मिनिटांचाच खेळ, हल्लीच्या व्हिडिओएवढा. पण त्यात प्रेक्षकाची चूक मधोमध मांडलेली असते, आणि करणारा समोर उभा असतो, त्याला ‘पुन्हा करा बघू’ म्हणता येतं. ती चूक काढून टाका आणि पहिल्याच वाक्यात ‘ही ऊष्मादायी अभिक्रिया आहे’ म्हणा. किती जण थांबतील?

गणितात तर हे रोज दिसतं. पाचने संपणाऱ्या संख्येचा वर्ग झटपट काढायची युक्ती सांगणारे व्हिडिओ पोरांना तोंडपाठ असतात. पस्तीस गुणिले पस्तीस: तीनला पुढच्या चारने गुणा, बारा, त्यापुढे पंचवीस लिहा, १२२५. शेजारची एक मुलगी ही युक्ती मला दाखवत होती. मी म्हटलं, चोवीसचा वर्ग काढ. तिने त्याच ऐटीत दोन त्रिक सहा, चार चोक सोळा, ६१६ असं सांगितलं. मी काही बोललो नाही. तिनेच संशय येऊन वहीत मांडून बघितलं, आले ५७६. मग ती खरी कामाला लागली. चोवीस गुणिले सव्वीस करून बघितलं तर युक्ती पुन्हा चालली: ६२४. बावीस गुणिले अठ्ठावीस, चालली: ६१६. मघाचं तिचं चुकलेलं उत्तर हेच, फक्त ते दुसऱ्याच गुणाकाराचं होतं! हे बघून ती जी हसली तसं हसताना मी वर्गात फार थोड्यांना बघितलंय. एककस्थानच्या अंकांची बेरीज दहा भरली पाहिजे, म्हणजे दशकातला एक आपोआप वाढतो, हे तिने स्वतः शोधलं. मी कंस सोडवून फक्त सही केली. व्हिडिओने तिला युक्ती दिली, त्याचं श्रेय त्याचं. पण ६१६ चुकीचं आहे हे त्या व्हिडिओला कधी कळलं असतं? तिने लाइक दिला असता आणि पुढची युक्ती सुरू झाली असती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. पुस्तक तरी कुठे वाचणाऱ्याकडे बघतं? त्यातही गणितं बरोबरच सोडवलेली असतात, त्यातही लेखकाने खोडलेल्या ओळी छापत नाहीत. मग शंभर-दीडशे वर्षं पुस्तकावर शिकलो तेव्हा कुणी रडलं नाही, आता व्हिडिओवरच राग का? याला माझी दोन उत्तरं आहेत. एक, पुस्तक आपल्याला फसवत नाही. ते अवघड आहे हे पहिल्याच पानाला कळतं. वाचून कळलं नाही तर कळलं नाही हेही कळतं. व्हिडिओत बोलणाऱ्याचा आत्मविश्वास बघणाऱ्याच्या अंगात उतरतो आणि तो स्वतःचाच वाटायला लागतो. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. पुस्तक आपल्याकडे एकटं आलं नाही. त्याच्याबरोबर पाटी आली, वही आली, लाल शाई आली, फळ्यापुढे उभं राहून सगळ्यांदेखत चुकायची रीत आली. त्या व्यवस्थेने पुष्कळ पोरांना घाबरवलं, माझ्यासारख्याने त्यात भरही घातली. पण चूक दिसायची जागा होती. व्हिडिओ रात्री दहाला अंथरुणात, पांघरुणाखाली, एकटा आला. त्याच्याबरोबर पाटी आलीच नाही. राग व्हिडिओवर नाही, त्या न आलेल्या पाटीवर आहे.

नव्या साधनाने शाळा बदलेल हे स्वप्नही जुनंच आहे. एडिसनने १९१३ मध्ये भाकीत केलं होतं, की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि सगळं चित्रपटातून शिकवता येईल. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी नेली गेली, वर्षभर शेती-आरोग्य-विज्ञान दाखवलं गेलं. प्रयोग धाडसी होता, त्याची टर उडवायचं कारण नाही. पण अशा वेळी चर्चा बहुतेक संच किती, तास किती, प्रेक्षक किती याचीच होते. आज व्ह्यूज मोजतात. तोच हिशोब, शब्द नवा.

मला याहून जवळचा दाखला महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. नंतर १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली तिथून निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला निघाली होती. पुढे त्यातूनच मराठीतलं मोठं मासिक घडलं. म्हणून ‘व्हिडिओवाले जाहिरातीसाठी करतात’ हा आक्षेप मला पटत नाही. जाहिरातीच्या पोटी ज्ञान जन्मल्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पण त्याच किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेला एक माणूस होता, भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याला वसतिगृह चालवलं, आणि तिथल्या मुलांच्या हाती पुस्तकाच्या जोडीला कुदळ दिली. कमवा आणि शिका. याचा अर्थ आपण नेहमी गरिबीशी जोडतो, आणि तो खरा आहेच. पण भाऊरावांना नुसती भाषणं करून मुलं शहाणी करता आली नसती का? बोलायला ते कुठे कमी होते? नांगर विकलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार, असं मला वाटतं. नांगराची तारीफ ऐकून शेतकरी मान डोलावतो. मूठ हातात धरल्यावर तो प्रश्न विचारतो, आणि सौदा तिथून सुरू होतो.

मग देणगीचं काय करायचं? मला विचाराल तर टीव्ही घ्या, पण भिंतीएवढा नको. उरलेल्या पैशात एक खोली बिघडवण्यासाठी काढा. बाद झालेले पंखे, जुनी सायकल, जळालेली पाण्याची मोटार, तराजू, मल्टिमीटर, भिंगं, लिटमस, हळद, चुना. मिरजेच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेला एखादा फिटर किंवा वायरमन आठवड्यातून दोन संध्याकाळी मानधनावर बसवा, ज्याचं काम फक्त बघत राहणं आणि वेळेवर ‘का?’ विचारणं. शिक्षकांची एक अडचण मात्र इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण सभेत ती कुणी मांडत नाही. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असतं ते शिक्षक आळशी म्हणून नव्हे. फुटलेल्या चंचुपात्राचा हिशोब डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याला द्यावा लागतो, तपासणीला साहेब आले की बाटल्या भरलेल्या दिसाव्या लागतात. वस्तू शाबूत ठेवण्याबद्दल शाबासकी आणि वापरून फोडल्याबद्दल खुलासा, असा नियम असेल तर कोण कपाट उघडेल? टीव्ही फुटत नाही, म्हणून टीव्ही लोकप्रिय आहे. व्यवस्थापन समितीने एक ठराव करावा, की वर्षाला इतक्या काचा फुटल्या नाहीत तर विज्ञानाच्या शिक्षकाने खुलासा द्यावा.

व्हिडिओ करणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. अरविंद गुप्तांच्या खेळण्यांच्या छोट्या फिती बघा. त्यात बहुतेक वेळ दोन हात, थोडा कचरा, काड्यापेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढंच दिसतं. संपेपर्यंत मूल उठून स्ट्रॉ शोधायला लागलेलं असतं. हाक मारणं हे छोट्या व्हिडिओचं काम, आणि ते तो पुस्तकापेक्षा चांगलं करतो. बोर्डोचीच गोष्ट घ्या. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपायचे. १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं, की डावणीतून तेवढ्याच वेली वाचल्यात. १८८५ मध्ये त्याने औषधाची कृती जाहीर केली. एका मिनिटात सांगावी आणि ऐकणाऱ्याने थेट बागेत जावं अशी ही गोष्ट आहे. फक्त हाक मारून झाल्यावर, कृती दाखवताना, फसलेला प्रयत्न कापू नका.

आणि तो सातचा भोंगा? मला तो व्हिडिओचा वैरी वाटत नाही. साडेसहाला बघा, सातला भोंगा वाजला की पडदा बंद करून करायला घ्या, साडेआठपर्यंत चुका. दीड तास त्याला बरोबर पुरतो.

या पावसाळ्यात पुतण्याने स्वतःच विळ्याच्या चाचणीचा व्हिडिओ केला. पहिल्यांदा विळा तांबडा निघाला, त्याने चुना वाढवला, दुसऱ्यांदा स्वच्छ निघाला. रात्री मला दाखवला तेव्हा त्यात स्वच्छ विळाच होता. म्हटलं, तांबडा कुठे गेला? “काका, तो भाग लांबतोय. लोक पुढं सरकवतात.” यावर आमचं बरंच वाजलं. शेवटी त्याने तो भाग परत जोडला, थोडा नाराजीनेच. तिसऱ्या दिवशी आटपाडीकडच्या एका शेतकऱ्याने त्याला विचारलं, की विळा सापडला नाही म्हणून घरातला स्टीलचा चाकू बुडवला, तो तांबडा झाला नाही, तर आता फवारू का? पुतण्याने माझ्याकडे बघितलं. स्टेनलेस स्टीलवर तांबं सहज बसत नाही हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण अशा कच्च्या मिश्रणात ते अजिबात बसत नाही की उशिरा बसतं, हे मी कधी करून बघितलं नव्हतं. त्याला ‘थांबा, फवारू नका, लोखंडी खिळा बुडवून बघा’ असं कळवलं, चुना मुद्दाम कमी घालून बादलीभर मिश्रण केलं आणि स्वयंपाकघरातून चाकू उचलला. वहिनी दारातून ओरडल्या, की आता तो चाकू परत ओट्यावर आणायचा नाही.